शिडाचं जहाज बघायला जाताय? कोल्हापूरच्या शाळांसाठी सहलीची तयारी

नोकरीला लागून वर्ष होत नाही तोच सहलीचं काम गळ्यात पडतं, हा आपल्याकडच्या शाळांचा अलिखित नियम आहे. मुख्याध्यापक मागच्या वर्षांची फाईल हातात देतात. तिच्यात पन्हाळा, जोतिबा, गणपतीपुळे, मालवण आणि मोठ्या वर्गांसाठी गोवा. यंदा या यादीत काही वेगळं घालायचं असेल तर जुन्या बांधणीचं शिडाचं जहाज घ्या. कोल्हापूरहून मुक्कामी सहलीत जमण्यासारखं आहे. इतिहास, भूगोल, विज्ञान आणि कार्यानुभव या चारही विषयांचे शिक्षक त्यात कामाला लागतात, म्हणजे तुम्ही एकटे पडत नाही.

आयएनएसव्ही कौंडिण्य हे नौदलाचं जहाज आता बऱ्याच जणांना बातम्यांमधून माहीत झालं आहे. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं जहाज दिसतं, त्यावरून ते बांधलं. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही जहाज बांधणारी कंपनी यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या शिवल्या गेल्या आणि २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ते नौदलात दाखल झालं. ‘शिवल्या’ हे अगदी शब्दशः घ्यायचं. खिळे न ठोकता फळीला फळी काथ्याच्या दोराने शिवलेली आहे. जहाजात इंजिन नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला ते मस्कतला पोचलं, वाऱ्याच्या जोरावर.

पुढचं सगळं हे जहाज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. जुन्या धाटणीचं दुसरं एखादं जहाज बघायला निघालात तरी तयारी हीच.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच: सहल जहाजाची काढा, गोव्याची नको. जहाज, दोन चर्च, तीन किनारे, मॉल आणि रात्री डीजे असा बेत केला की मुलांच्या डोक्यात डीजे उरतो. जहाजावरचा तास दीड तास हा सहलीचा मुख्य भाग. बाकी सगळं त्याच्या पुढे-मागे बसवायचं.

आधी जहाजाचा पत्ता काढा

किल्ला जागेवरून हलत नाही, जहाज हलतं. त्यामुळे तारीख ठरवून मग परवानगी मागायची ही आपली नेहमीची पद्धत इथे उलटी करावी लागते. जहाज बंदरात कधी असेल, त्या काळात विद्यार्थ्यांना बघू देतील का, एका वेळी किती जणांना चढू देतील, हे तिन्ही प्रश्न पहिल्याच पत्रात लेखी विचारा. कर्नाटक नौदल क्षेत्राचं मुख्यालय कारवारलाच आहे. पत्र तिकडे, शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने जाऊ द्या. इयत्ता, मुलामुलींची संख्या, सोबतच्या शिक्षकांची नावं, सोयीच्या दोन-तीन तारखा आणि भेटीचा हेतू एवढं त्यात हवं. हेतूच्या जागी ‘शैक्षणिक सहल’ एवढंच लिहून सोडू नका. ‘नववीचे विद्यार्थी शिवलेल्या जहाजाची बांधणी अभ्यासत आहेत’ असं एक वाक्य लिहिलं तर पत्र वाचणाऱ्यालाही बरं वाटतं.

शाळेत एनसीसी असेल तर अर्ज त्या युनिटमार्फत पाठवा, काम सोपं होतं. ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या आसपास नौदल विद्यार्थ्यांसाठी काही जहाजं खुली करतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या आधीच पत्रव्यवहार सुरू केलेला बरा. पावसाळ्यात हा विषय काढूच नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला आणि घाट धुक्यात.

उत्तर येईपर्यंत मुलांना काही सांगू नका. ‘सर, जहाज कधी?’ हे रोज मधल्या सुट्टीत ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा बेत पहिल्याइतकाच पक्का हवा

नौदलाचं जहाज ऐन वेळी बाहेर जाऊ शकतं. तशी सूचना आली तर सहल रद्द न करता वळवता आली पाहिजे. मला दोन पर्याय चांगले वाटतात.

पहिला कारवारलाच. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र वाहून नेणारी जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. ती शिडाची नाही, पण अरुंद जिने, ठेंगणी दारं आणि बसकी खोली म्हणजे काय ते मुलांना अंगाने कळतं. कौंडिण्य बघायला मिळालं तरीही ही नौका जोडून बघण्यासारखी आहे. एक दोराने शिवलेलं, दुसरी पोलादाची, मध्ये दीड हजार वर्षं.

दुसरा पर्याय मालवणचा, आणि तो आपल्या घरचा आहे. सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधला हे पोरासोरांना पाठ असतं. पण पुढे मालवणचा हा किल्ला करवीरच्या छत्रपतींकडे होता आणि कोल्हापूरचं आरमार तिथून चालायचं, हे कोल्हापूरच्याच मुलांना ठाऊक नसतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरकरांना परत दिला. १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. समुद्रापासून एवढ्या आत असलेल्या संस्थानाने आरमार का बाळगलं, हा प्रश्न वर्गात टाकून बघा. पंचगंगेचा पूर सोडून पाण्याचा विचार न केलेली मुलंही बोलायला लागतात. गुराब, गलबत, शिबाड, मचवा ही जुन्या जहाजांची नावं मालवणच्या जेटीवर उभं राहून सांगितली तर लक्षात राहतात.

परवानग्या आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे सुटलेला एक कागद सहल थांबवतो. प्राथमिकला गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकला जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी यांच्याकडे प्रस्ताव द्यायचा. त्याला मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं, प्रवासाचा मार्ग, मुक्कामाचा पत्ता आणि बसची कागदपत्रं जोडायची. मुली असतील तर महिला शिक्षक हव्यातच. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हे प्रमाण सोडू नका. कागदावर नाही, प्रत्यक्षात. सहलीच्या आदल्या दिवशी दोन शिक्षक ‘तब्येत बरी नाही’ म्हणून गळतात, ते धरून एक नाव जादा ठेवा.

संमतीपत्राच्या छापील मजकुराखाली पालकांकडून दोन ओळी हाताने लिहून घ्या: मुलाला काय त्रास आहे आणि कोणती गोळी चालत नाही. दमा, फिट, गाडी लागणं, शेंगदाण्याची ॲलर्जी या गोष्टी पालक तोंडी सांगायला विसरतात, लिहायला बसले की आठवतात. समुद्राच्या पाण्यात उतरायचं नाही, ही अटही संमतीपत्रातच छापा. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. घोट्याएवढ्या पाण्यात जाऊ द्या म्हणून मुलं हट्ट करतील. नाही म्हणा.

नौदलाच्या हद्दीत शिरताना मोठ्यांचं ओळखपत्र आणि मुलांचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र लागेल असं धरूनच चला. यादीतली नावं आणि ओळखपत्रावरची नावं तंतोतंत जुळवा. हजेरीपटावर ‘पाटील प्र. सं.’ आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्यानेही फाटकावर वेळ जातो.

बस आणि रस्ता

एसटी प्रासंगिक कराराने मिळते, शालेय सहलींना भाड्यात सवलत असते. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा संभाजीनगर आगारात जाऊन महिनाभर आधी नोंदणी करा, कारण डिसेंबरमध्ये सगळ्याच शाळा रांगेत असतात. तुम्ही गोवा आणि कर्नाटक अशा दोन राज्यांत शिरणार आहात, हे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगा. परराज्याचा परवाना आणि कर यांचा हिशेब तेव्हाच मिटला पाहिजे. खासगी बस घेत असाल तर परवाना, विमा, फिटनेस यांच्या झेरॉक्स स्वतःच्या फाईलला लावा. ‘सगळं हाय सर, काळजी नको’ हे उत्तर फाईलला लावता येत नाही.

रस्ते दोन. एक बेळगावमार्गे, दुसरा गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्यातून ६६ नंबरच्या महामार्गाने कारवार. मी दुसऱ्याला मत देईन. घाट आहे, पण मुलांना देश संपून कोकण सुरू होताना दिसतं, आणि भूगोलाच्या शिक्षकांना बोलायला दोन तास मिळतात. शिवाय १ नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना सीमाप्रश्नावरून वातावरण तापतं आणि गाड्या बेळगावच्या रस्त्यावर, सीमेवरच्या कोगनोळीला अडकतात. कारवारच्या आधी काळी नदीचा पूल लागतो, तिथे सदाशिवगड दिसेल. मुलांना जागं करा.

एका दिवसात जाऊन येण्याचा विचार मनात आणू नका. पहिला दिवस प्रवासाचा, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज, दुपारी चपळ आणि मग परतीचा रस्ता. रात्री घाट नको म्हणून परतीत सावंतवाडी किंवा मालवणला आणखी एक मुक्काम केला तर उत्तम. खर्च वाढतो हे खरं. त्यासाठी गोव्यातला एक दिवस कापा.

निघायच्या सकाळी मिसळ नको. कोल्हापुरात बसून हे लिहिणं अवघड जातंय, पण कट पोटात घेऊन आंबोलीची वळणं सुरू झाली की पुढचा तास कसा जातो, हे ज्याने मागच्या सीटवर पिशव्या वाटल्या आहेत त्यालाच विचारा. पोहे, केळी, दशमी असं हलकं काहीतरी द्या. आलेपाकाच्या वड्यांचा डबा हाताशी ठेवा. उलटीची गोळी फक्त पालकांनी लिहून दिलेल्या मुलांना, आणि घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी. घाटातच दिली तर गोळीही बाहेर येते.

सहलीच्या आधीचे दोन आठवडे

खरी सहल इथे घडते. जहाजावर मुलांना फार थोडा वेळ मिळतो. तोवर त्यांच्या डोक्यात प्रश्न तयार नसतील तर ती डोलकाठीला टेकून फोटो मागतील आणि उतरतील.

सुरुवात टाउन हॉल संग्रहालयापासून करा. सीपीआर रुग्णालयाच्या समोर, म्हणजे बसचाही खर्च नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. त्यांत पोसायडनची छोटी मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. तो कोल्हापुरात कसा आला? घाट चढून आला असणार, आणि त्याआधी कुठल्यातरी जहाजातून. मुलांना त्या मूर्तीसमोर उभं करून एवढं एकच विचारा आणि गप्प बसा. नकाशावर तांबडा समुद्र, अरबी समुद्र, कोकणातली बंदरं आणि गगनबावडा किंवा फोंड्याचा घाट असा रस्ता ती आपली आपण जोडतात. या वस्तू सातवाहनांच्या काळातल्या. तो काळ पुस्तकात अर्ध्या पानाचा असतो, इथे दिसतो.

दुसरं काम मैदानावर. कौंडिण्यची लांबी सुमारे १९.६ मीटर आणि रुंदी साडेसहा मीटर आहे. पीटीच्या सरांकडून फक्की घ्या आणि जहाजाची आकृती मैदानावर आखा, पुढचं आणि मागचं टोक निमुळतं ठेवून. मग त्यात सोळा मुलांना बसवा. सोबत पाण्याचे कॅन, धान्याची पोती म्हणून दप्तरं, स्वयंपाकाची जागा, दोरखंडांची वेटोळी, झोपायला जागा. एक पूर्ण तास त्यांनी रेषेबाहेर पाय टाकायचा नाही. पहिली दहा मिनिटं हसण्यात जातात, मग भांडणं सुरू होतात: सावली कोणाला, कोण कोणाच्या पायावर बसलंय, संडास कुठे. पोरबंदर ते मस्कत हा प्रवास सतरा दिवसांचा होता, हे त्या वेळी सांगा. आधी सांगितलं तर तो नुसता आकडा राहतो.

तिसरं काम कार्यानुभवाच्या तासाला. दोन वीतभर फळ्या घ्या, कडेला एकेक इंचावर भोकं पाडून घ्या (हे सुताराकडून, मुलांकडून नाही) आणि काथ्याच्या बारीक दोराने त्या एकमेकींना शिवायला लावा. पहिल्या खेपेला टाका सैल पडतो, फळ्या कात्रीसारख्या उघडतात. मग एक मुलगा फळी गुडघ्यांत धरतो, दुसरा दोर ओढतो, तिसरा भोकात काडी खुपसून दोर सरकू देत नाही. तीन माणसांशिवाय एक टाका घट्ट बसत नाही, हे कोणी न सांगता त्यांच्या ध्यानात येतं. बोटं सोलवटतात, तेवढं चालतं. शिवलेली फळी पाण्याच्या बादलीत आडवी धरा, सांध्यातून पाणी वर येईल. आता त्यांना विचारा, हे कसं थांबवायचं? सांध्यात काथ्या ठासायचा, भोकं बुजवायची, वर राळ आणि तेल चोपडायचं, इथपर्यंत वर्ग स्वतः पोचतो. कौंडिण्यवरही नारळाचा काथ्या आणि झाडाची राळच वापरली आहे. भिजलं की लाकूड आणि काथ्या दोन्ही फुगतात आणि सांधा आवळला जातो, हे विज्ञानाच्या बाईंनी सांगावं.

खिळा का नाही, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडची चप्पल दाखवा. अस्सल कोल्हापुरीत लोखंडी खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, म्हणून ती पायाबरोबर वाकते. जहाजाचंही तसंच. लाट आदळली की शिवलेला सांगाडा थोडा लवतो आणि धक्का जिरवतो. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, दोर गंजत नाही. सैल झाला तर बदलून परत शिवता येतो.

इतिहासाच्या तासाला अजिंठ्यातल्या जहाजाचं चित्र दाखवा आणि मुलांना त्यावरून जहाज बांधायचा आराखडा काढायला सांगा. पाण्याखालचा भाग चित्रात नाही. आतला सांगाडा नाही. मापं नाहीत. बांधणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. जुने नकाशे कुठून आणणार? चित्रावरून आकार बेतला आणि आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. भिंतीवरच्या चित्रापासून समुद्रात चालणाऱ्या वस्तूपर्यंत जाताना काय काय ठरवावं लागलं असेल, याची यादी मुलांकडून करून घ्या. हीच पुढे त्यांची प्रश्नावली होते.

नावाची गोष्ट छोट्या वर्गांसाठी ठेवा. कौंडिण्य हा भारतातून समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेला दंतकथेतला दर्यावर्दी. तिथल्या कथेत तो सोमा नावाच्या राजकन्येशी लग्न करतो. मुली विचारतील, सोमाचं पुढे काय झालं. शोधून ठेवा.

भरती-ओहोटी बघून वेळ मागा

जहाज धक्क्याला बांधलेलं असलं तरी भरतीला वर येतं, ओहोटीला खाली जातं. त्यामुळे चढायचा गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर टाकलेली फळी, कधी आडवा असतो, कधी शिडीसारखा उभा. लहान मुलं घेऊन जाताना हा फरक मोठा असतो. कोकणात एक साधा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तासाभराचा फरक धरा, कारण प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी. पंचांग घरात असतंच, निदान आजीच्या तरी. गणिताच्या शिक्षकांना हे दिलं तर ते खूश होतात. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याची चढ-उतार सर्वांत जास्त, त्या तारखा शक्यतो टाळा. पक्की वेळ मात्र जहाजाच्या माणसांनाच विचारायची.

कपडे आणि सामान

पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा रबरी तळव्याचे बूट. सुटी चप्पल नको, ती गँगवेवरून थेट पाण्यात जाते. ओढणी घरी, केस बांधलेले. टोपीला नाडी. पाठीवर दप्तर नको, कारण अरुंद जागेत वळलं की मागच्याच्या तोंडावर बसतं. खिशात मावणारी छोटी वही आणि दोऱ्याने गळ्यात अडकवलेली पेन्सिल एवढं पुरे. मोबाईल बसमध्ये कुलूपबंद. नौदलाच्या हद्दीत फोटोंवर निर्बंध असतात, आणि परवानगी मिळालीच तर एका शिक्षकाच्या फोनवर काढा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी ते फोटो चालतील का, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

जहाजावर

दहा-बारांचे गट करा. एक गट वर, दुसरा धक्क्यावर आपापल्या गटप्रमुखाबरोबर. धक्क्यावरच्यांना रिकामं ठेवू नका, बाहेरून जहाजाचं रेखाटन काढायला बसवा. चढताना एका वेळी एकच मूल, दोन्ही हात मोकळे. लाईफ जॅकेट दिलं तर त्याचे सगळे बंद लावायचे, वरचा एक लावून मिरवायचं नाही. आणि जो खलाशी माहिती देतोय त्याचा शब्द अंतिम, मुख्याध्यापकांचा नाही. हे मुख्याध्यापकांना आधी नम्रपणे सांगून ठेवा.

प्रत्येक गटाला एकच गोष्ट शोधायला द्या. एका गटाने फक्त टाके बघायचे: दोर आतून कसा जातो, दोन टाक्यांत अंतर किती, खाली भरावा कसला. दुसऱ्याने शीड, डोलकाठी आणि दोर: कुठला दोर ओढला की काय हलतं. शिडं चौकोनी आहेत. कोकणातल्या जुन्या गलबतांचं तिरकं शीड ज्यांनी चित्रात पाहिलंय त्यांना फरक दिसेल. तिसऱ्याने सुकाणू. इथे आजच्यासारखं चाक नाही, बाजूला लावलेली मोठी वल्ही आहेत, त्यांनी दिशा देतात. चौथ्याने सजावट: शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सिंहयाळी हा कल्पित सिंहासारखा प्राणी, डेकवर हडप्पाच्या धाटणीचा दगडी नांगर. गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात आहे तोच. म्हणजे कारवारच्या वाटेवर सरकारी पाट्यांवर तो मुलांना आधीच भेटलेला असतो, फक्त कोणी बघत नाही.

सगळ्या गटांना एक सामाईक काम: वास घ्या. राळ, तेल, ओला काथ्या, मीठ. वहीत एका ओळीत लिहा. फोटोत न येणारी ही एकच गोष्ट आहे.

प्रश्न मुलांनी विचारायचे, शिक्षकांनी नाही. वारा पडला तर काय करता? रात्री कोण जागतं? झोपता कुठे? पाऊस आला तर? जेवण कशावर शिजतं? पाणी संपलं तर? आपल्या मुलांची अडचण अशी की ती मराठीत भडाभडा बोलतात आणि हिंदी म्हटलं की दुसऱ्याच्या मागे लपतात. खलाशी देशभरातले असतात, हिंदीतच बोलावं लागेल. म्हणून प्रत्येकाचा एक प्रश्न आधी हिंदीत बसवून घ्या. ‘सर, ये दोरी किधर को जाती हाय’ असं झालं तरी चालेल, समोरच्याला कळतं.

डिसेंबरच्याच सुमाराला पश्चिमेकडे का निघाले, हा प्रश्न एका हुशार मुलीला मुद्दाम नेमून द्या. त्या दिवसांत अरबी समुद्रावर ईशान्येकडून वारे वाहतात, जमिनीकडून समुद्राकडे. पावसाळ्यात ते उलटे फिरतात. शेकडो वर्षं व्यापारी याच वेळापत्रकावर ये-जा करायचे. पुस्तकातला मोसमी वाऱ्यांचा धडा खलाशाच्या तोंडून ऐकला की वार्षिक परीक्षेला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

एखादं मूल कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरत असेल तर ते पहिल्या पत्रातच कळवा. डेकवर चढणं कठीण असेल तर दोराचा तुकडा, शिवणीचा नमुना असं काही धक्क्यावर आणून दाखवता येईल का, एखादा खलाशी खाली येऊन बोलेल का, हे विचारा. आधी विचारलेलं लोक करतात, त्या क्षणी सांगितलेलं जमत नाही.

बांधलेलं जहाजही डुलतं. दोघा-तिघांना मळमळेल. त्यांना आत बसवू नका, वाऱ्याला उभं करून लांबच्या टेकडीकडे बघायला सांगा. नाहीच बरं वाटलं तर शांतपणे खाली धक्क्यावर. त्यांची थट्टा करणाऱ्याला पुढच्या गटात शेवटी घाला.

मालवणचा पर्याय घेतलात तर किल्ल्यापर्यंत होडीने जावं लागतं. तिथे नियम आणखी कडक हवेत. होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जादा नाही, घाई असली तरी दोन फेऱ्या करा, आणि मोजणी तीनदा: जेटीवर, किल्ल्याच्या दरवाजात आणि परत जेटीवर.

परत आल्यावर

त्याच आठवड्यात, आठवणी ताज्या असताना, प्रत्येक गटाने आपापला भाग वर्गासमोर मांडायचा. पाच मिनिटं, हातात वही, पीपीटी नको. सहलीचा निबंध सक्तीने लिहायला लावू नका. ‘आम्ही पहाटे उठलो, बसमध्ये गाणी म्हटली’ अशी सगळ्यांची सारखीच सुरुवात येते आणि जहाज शेवटच्या दोन ओळींत उरकतं. त्याऐवजी टाक्याची आकृती, दोरांचा नकाशा, प्रश्नोत्तरं एवढं मागा.

हिशेब चार दिवसांत बंद करून पालकांना दाखवा, उरलेले पैसे परत द्या. आणि जहाजाच्या लोकांना आभाराचं पत्र पाठवा. त्यात मुलांची दोन-तीन रेखाटनं आणि उत्तर न मिळालेले प्रश्न जोडा. पत्राची एक प्रत सहलीच्या फाईलला लावा, पहिल्या अर्जासकट. पुढच्या वर्षी ती फाईल तुमच्याच किंवा दुसऱ्या कोणा नव्या शिक्षकाच्या हातात येणार आहे, आणि त्याला कोणाला कधी काय लिहायचं हे शोधत बसावं लागणार नाही.